तेहतिसावा खिळा

कंगव्याचे दात मोजायला माणूस ठेवलेला असतो, हे सांगून कुणाला पटत नाही. कंगवा साच्यातून निघतो, त्याला दात असायचेच, त्यात मोजायचं काय, असं लोक म्हणतात. मग एखाद्या सकाळी आरशासमोर घाईत उभे असताना त्यांना कंगव्यात मधेच खिंडार दिसतं आणि ते कारखान्याच्या नावानं बोटं मोडतात. तशी वेळ येऊ नये म्हणून एका कारखान्यात बावीस वर्षं एक गृहस्थ खिडकीजवळच्या टेबलाशी बसत आले होते. सगळे त्यांना तपासनीस म्हणत. कंगव्यावरून अंगठा सर्रकन फिरवला की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "अडुसष्ट. एक कमी." हटकून कुणीतरी मोजून बघायचं आणि हटकून एक कमी भरायचा. स्वतः तपासनीसांच्या डोक्याला कंगव्याची गरज उरली नव्हती, पण हलवाई तरी कुठे दिवसभर पेढे खात बसतो? मोजणीत आपण चुकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची मान ताठ होती.

त्यामुळे हजेरी कारकुनानं जेव्हा "काका, तुमच्या आठ रजा उरल्यात" असं सांगितलं, तेव्हा तपासनीसांना आधी हसूच आलं.

"एकवीस," ते म्हणाले.

"आठ. तेरा तुम्ही घेतल्यात. नोंद आहे."

"मी या वर्षी एकही रजा घेतलेली नाही."

"नोंद आहे," कारकून म्हणाला. हा कारकून नवा होता. मागच्या वर्षी लागलेला, वयानं लहान, भांग चोपून पाडणारा. आपण नमस्कार म्हणतो तसं तो 'नोंद आहे' म्हणायचा.

आता आठ काय आणि एकवीस काय, तपासनीसांना हव्या होत्या फक्त दहा. पण त्या दहाच्या दहा हव्या होत्या, कारण मामला बायकोचा होता.

तपासनीसांच्या बायकोचे गुडघे पन्नाशीला कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात रोज अर्धा तास चालायला सांगितलं. ती महिनाभर निमूट चालली. मग एक दिवस म्हणे पाय आपोआप वर आले. तीन वर्षांत गुडघे राहिले बाजूला आणि बाई माशासारखी पोहायला लागली. आता दूरच्या एका गावी मोठ्या तळ्यात पोहण्याची स्पर्धा होती, या काठावरून त्या काठावर, आणि पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात तिची निवड झाली होती. संयोजकांचं पत्र आलं, त्यात एक अट होती. प्रत्येक स्पर्धकाच्या सोबत होडीत घरचं एक माणूस बसलंच पाहिजे, आणि त्या माणसानं आठवडाभर आधी येऊन होडीबरोबरचा सराव केलाच पाहिजे. माणूस नाही तर पोहणं नाही. मुलगा परदेशी. धाकट्या मेहुणीला भरलेली बादली बघूनही गरगरायचं. तेव्हा उरले तपासनीस.

"मी आहे ना," ते मोठ्या ऐटीत म्हणाले होते. "माझ्या एकवीस रजा आहेत."

जायला एक दिवस, सरावाचे सात, नवव्या दिवशी स्पर्धा, दहाव्या दिवशी परत. आठ रजांत भागवायचं तर भरपूर सराव करून बरोब्बर स्पर्धेच्या आदल्या दिवशी घरी यावं लागलं असतं. बिनपगारी रजेला महिनाभर आधी अर्ज लागतो आणि निघायला राहिले होते पंधरा दिवस.

घरी आल्यावर तपासनीसांनी बायकोला काहीच सांगितलं नाही. सांगितलं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना, आणि ही त्यांची पहिली चूक. पोस्टमास्तर निवृत्तीनंतर कुणाच्या तरी अर्जाची वाटच बघत असत. त्यांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि चार पानी अर्ज लिहिला. त्यात पहिली दीड पानं कारखान्याच्या भरभराटीबद्दल आनंद व्यक्त करण्यात गेली होती. रजेचं कारण काय घालायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तपासनीस जरा अडखळले. बायको तळं पोहून जाणार आणि आपण होडीत बसून बघणार, हे कारखान्यात कळलं तर साचेवाला वर्षभर पुरवून पुरवून हसेल, अशी त्यांना भीती होती.

"कौटुंबिक कारण, असं घाला," ते म्हणाले.

"गंभीर घालू? गंभीर कौटुंबिक कारण?"

"घाला."

तेवढ्यात समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या आणि सल्ला देऊन गेल्या. "अर्जबिर्ज कसले करता भावजी? सरळ आजारी पडा." तपासनीसांना हेही पटलं. अडलेल्या माणसाला सगळंच पटतं. दुसऱ्या दिवशी ते चेहरा पाडून डॉक्टरांकडे गेले, पाठ, पोट आणि छाती या तिन्ही ठिकाणी दुखतं असं म्हणाले. डॉक्टरांनी तासभर तपासलं आणि उठून त्यांचा हात हातात घेतला. या वयात इतकी ठणठणीत तब्येत आपण पाहिली नाही, असं ते म्हणाले आणि तसं लेखी प्रमाणपत्रही दिलं. वर, कामातून एक दिवसही सुट्टी घेऊ नका, कामानंच तुम्हाला असं ठेवलंय, असा सल्ला.

इकडे चार पानी अर्जाला उत्तर आलं. ते एका ओळीचं होतं. सोबत तेरा तारखांची यादी होती आणि खाली लिहिलं होतं, 'या दिवशी हजर असल्याचा पुरावा आणावा.'

आपण होतो तिथे होतो, याचा पुरावा माणसानं कुठून आणायचा? तपासनीस दोन दिवस डोकं खाजवत होते. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्यांना एकदम आठवलं, की आपण तपासलेल्या प्रत्येक खोक्यात आपण एक चिठ्ठी टाकतो. 'तपासले' असा शिक्का, तारीख आणि सही. तेरा तारखांची तेरा खोकी मिळाली की कारकुनाच्या तोंडाला कुलूप. अंगाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "खोकी!" ती म्हणाली, "आधी पुसून घ्या."

अडचण एवढीच होती की खोकी कारखान्यात नव्हती. ती गावभरच्या दुकानांत गेली होती.

मग सुरू झाली ती शोधाशोध. डोक्यावर एक केस नसलेला गृहस्थ दुकानात शिरतो, कंगव्यांचं खोकं मागतो, उघडतो, आतली चिठ्ठी वाचतो, निराश होतो आणि दुसरं खोकं मागतो, हे दृश्य त्या आठवड्यात सतरा दुकानदारांनी पाहिलं. काहींनी नुसतं बघू दिलं. काहींनी विकत घ्या म्हटलं, ते घ्यावं लागलं. एका दुकानदाराला वाटलं सरकारी तपासणी आली, त्यानं खुर्ची दिली, सरबत दिलं आणि मागच्या दारानं माल हलवायला सुरुवात केली. दुसऱ्यानं हळूच जवळ येऊन विचारलं, "साहेब, आशा ठेवणं चांगलंच, पण एवढे कंगवे?"

तपासनीसांनी हा अपमान गिळला. तारखा मिळत होत्या. पाच झाल्या, आठ झाल्या. घरात कंगव्यांचे ढीग लागले. मोठे, छोटे, बारीक दातांचे, मुठीचे. बायको काय ते समजून गेली. ती तरणतलावावर जाताना दोन डझन कंगवे पिशवीत घालून न्यायला आणि मैत्रिणींना वाटायला लागली.

पण बिल्डिंगीला ते कुठे ठाऊक? पाच दिवस तपासनीस रोज पिशव्या भरभरून कंगवे घरी नेताना लोकांनी बघितले आणि निष्कर्ष काढला. सहाव्या दिवशी पोस्टमास्तर दार लोटून आत आले, स्वतःच्या चकचकीत टाळूवरून हात फिरवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अर्ज मी लिहिला तुमचा. एवढी ओळख ठेवा. तेल कुठलं ते सांगा."

"कसलं तेल?"

"असं करू नका हो. लावल्यावर जळजळतं का, एवढं तरी सांगा."

तेल नाही, असं तपासनीसांनी परोपरीनं सांगितलं. त्यामुळे ते तेल फारच गुणकारी असलं पाहिजे अशी सगळ्यांची खात्री झाली. जिन्यात लोक त्यांच्याकडे टोपीच्या कडेखाली वाकून बघायला लागले. समोरच्या वहिनींनी तर "थोडं थोडं उगवलंय" असं शपथेवर सांगितलं.

निघायला तीन दिवस असताना तेरावी चिठ्ठी मिळाली. तपासनीस तेरा खोकी छातीशी धरून मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर रचून ठेवली. मॅनेजरबाई शांत स्वभावाच्या होत्या, एवढ्या, की त्यांना राग आला की त्या आणखी शांत व्हायच्या. त्यांनी तेरा चिठ्ठ्या वाचल्या.

"सही यांचीच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे कामावर होते."

"पण नोंद आहे," कारकून म्हणाला.

"मग या तेरा दिवशी कोण नव्हतं?"

हा प्रश्न कारकुनाला कुणी विचारला नव्हता. तपासनीसांनाही सुचला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती यादी कँटीनमध्ये मोठ्यानं वाचली. यादीतली चौथी तारीख ऐकून साचेवाला जेवता जेवता थांबला. "ही तर माझ्या घराचे पत्रे बदलायची तारीख. दोन दिवस रजेवर होतो." पुढच्या तारखा म्हणजे त्याची अक्कलदाढ. शेवटच्या चार म्हणजे त्याच्या भाच्याचं लग्न. तेराच्या तेरा रजा साचेवाल्याच्या निघाल्या. साचेवाल्याचा नंबर तेरा आणि तपासनीसांचा चौदा.

तपासनीस हातातली पोळी टाकून फाटकाकडे धावले.

फाटकाजवळच्या भिंतीवर हजेरीची फळी होती. फळीवर ओळीनं खिळे. आलेल्या माणसानं पेटीतला आपला पितळी बिल्ला काढायचा आणि आपल्या खिळ्याला अडकवायचा, ही पहिल्यापासूनची पद्धत. बिल्ल्यांवरचे आकडे बोटं लागून लागून केव्हाच पुसले गेले होते, पण प्रत्येकाचा हात सवयीनं आपल्याच खिळ्याकडे जायचा. कारकून दहा वाजून पाच मिनिटांनी यायचा, डावीकडून खिळे मोजायचा आणि जो रिकामा दिसेल त्या नंबराचा खाडा लावायचा. वहीत नावं नव्हतीच, नुसते नंबर. कारखान्यात माणसं बत्तीस.

तपासनीसांनी खिळ्यांवरून अंगठा फिरवला. तेहतीस.

पुन्हा फिरवला. तेहतीसच.

वर्षाच्या सुरुवातीला भिंतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं आपली टोपी अडकवायला फळीच्या डाव्या टोकाला एक जादा खिळा ठोकला होता. रंगारी टोपी घेऊन गेला. रिकामा खिळा बघून मुकादमांनी त्याला जुन्या गोदामाच्या किल्ल्या अडकवल्या. ते गोदाम पाडून तीन वर्षं झाली होती, तेव्हा किल्ल्यांना जाण्यासारखं ठिकाण नव्हतं. त्या वर्षभर तिथेच होत्या आणि कारकुनाच्या वहीत नंबर एक म्हणून रोज कामावर हजर होत्या.

नंबर एक म्हणजे मुकादम. मुकादम त्या वर्षात एकोणतीस दिवस आले नव्हते, आणि उत्तम हजेरीचं मानपत्र त्यांनाच मिळालं होतं. काचेत घालून त्यांनी ते फाटकावर लावलंही होतं. मुकादमांचे एकोणतीस खाडे नंबर दोनच्या माथी, दोनचे तीनच्या, असं करत करत साचेवाल्याचे तेरा तपासनीसांच्या माथी. ज्यांच्या रजा कमी कापल्या गेल्या ते देवाचे आभार मानून गप्प होते. ज्यांच्या जास्त गेल्या त्यांना वाटलं, आपणच कधीतरी घेतल्या असतील आणि विसरलो असू.

तपासनीस आनंदानं ओरडले. ही त्यांची दुसरी चूक. अर्ध्या तासात सगळ्या कारखान्याला कळलं की आपल्या रजा शेजाऱ्याकडे आहेत. साचे बंद पडले. पॅकिंगमधल्या मावशींचा नंबर पंधरा. तपासनीस कधीच खाडा करत नसल्यामुळे मावशींचं पान वर्षभर कोरं राहिलं होतं, आणि प्रत्यक्षात त्या नऊ दिवस बहिणीकडे राहून आल्या होत्या. "माझं चांगलं चाललं होतं," त्या कडाडल्या, "तुम्हाला मोजायला कुणी सांगितलं?" नंबर दोन मुकादमांच्या अंगावर धावून गेला. मुकादम मानपत्र काखेत घेऊन पाडलेल्या गोदामाच्या दिशेनं पळाले, पण तिथे लपायला काही नव्हतं. मॅनेजरबाईंना फार राग आला असावा, कारण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांचा हिशोब नव्यानं लागेपर्यंत कुणालाही रजा नाही."

"किती दिवस लागतील?" तपासनीसांनी विचारलं.

"दोन महिने," कारकून म्हणाला.

त्या संध्याकाळी तपासनीसांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती पोहून आली होती, केस ओले होते. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू दे हो. पुढच्या वर्षी जाईन." आणि पोहण्याची टोपी पावडर लावून, घडी करून, वरच्या फळीवर ठेवून दिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं तपासनीसांना वाटलं. त्यांना स्वतःचा राग आला. तीन वर्षांत आपण तिला एकदाही पोहताना पाहिलेलं नाही, हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये भांडण जोरात होतं. निम्मे म्हणत आमच्या रजा आम्हाला द्या, निम्मे म्हणत झालं ते झालं. तपासनीस बाकावर चढले. बावीस वर्षांत ते कधी कशावर चढले नव्हते म्हणून सगळे भांडण सोडून त्यांच्याकडे बघायला लागले.

"माझी बायको पोहते," ते म्हणाले.

साचेवाला हसला. तपासनीसांनी त्याला हसू दिलं.

"त्रेपन्नाव्या वर्षी ती अख्खं तळं पोहून जाणार आहे. सोबत होडीत मी नसलो तर तिला पाण्यात उतरू देणार नाहीत. परवा गाडी आहे. मला लाज वाटली म्हणून अर्जात गंभीर कौटुंबिक कारण लिहिलं. गंभीर काही नाही. तिनं काल पोहण्याची टोपी उचलून ठेवली, ते मला बघवलं नाही."

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्यांनो, आधी नाही का सांगायचं?" हे नक्की कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. "त्रेपन्न! आणि आपण इथे पानं धरून बसलोय. बोला, काय करायचं?"

"दोन महिने लागायचं कारणच नाही," तपासनीस म्हणाले. "वहीची पानं सुटी करा. नंबरानं ओळीत उभे राहा. प्रत्येकानं आपलं पान हातात घ्या आणि आपल्या आधीच्या नंबराच्या माणसाला द्या. झालं."

मॅनेजरबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली. बत्तीस माणसं कँटीनच्या भिंतीला लागून उभी राहिली, एक-दोन-तीन म्हटलं आणि पानं सरकली. मावशींनी आपलं कोरं पान तपासनीसांच्या हातात ठेवलं. "सांभाळा हो, वर्षभर जिवापाड जपलंय." साचेवाल्यानं आपले तेरा खाडे खाली मान घालून घेतले. मुकादमांचं पान कुणाला द्यायचं हा प्रश्न आला. मुकादम स्वतःच गेले, ते पान फळीवरच्या किल्ल्यांना टोचून आले आणि येताना मानपत्रही तिथेच टांगून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ओळीच्या शेवटी मात्र कारकून उभा होता. त्याचा नंबर बत्तीस. आपलं पान त्यानं एकतीस नंबरच्या ड्रायव्हरला दिलं, आणि त्याला द्यायला पुढे कुणीच नव्हतं. तेहतिसाव्या खिळ्यापर्यंत तो कधी मोजतच गेला नव्हता. मॅनेजरबाईंनी ड्रायव्हरच्या हातातलं पान बघितलं.

"कालपर्यंत हे पान तुमचं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे या सहा दिवशी तुम्ही गैरहजर होतात?"

"हो मॅडम. नोंद आहे."

"ती नोंद कुणी केली?"

"मी," कारकून म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सहा वेळा फळीसमोर उभं राहून त्यानं स्वतःचाच खाडा लावला होता. आणि आता तर त्याचं पानच नव्हतं. वर्षभर तो कारखान्यात आल्याचा कुठेही, कसलाही पुरावा नव्हता. सगळा कारखाना हसत सुटला, साचेवाला तर खाली बसला.

तपासनीसही हसले. पण रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या त्या पोराला बघून त्यांना पुढे हसवेना. "हा रोज होता, मॅडम," ते म्हणाले. "मी साक्ष देतो. गेले तेरा दिवस मी रोज याच्यासमोर उभा होतो, हा एक दिवस चुकला असता तर माझी रजा मंजूर झाली असती."

मॅनेजरबाई त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. कारकुनानं खिशातून पेन काढलं, तपासनीसांच्या अर्जावर 'दहा मंजूर' असं लिहिलं आणि तो त्यांच्या हातात दिला.

तळं प्रचंड होतं. स्पर्धेच्या सकाळी त्याचा पलीकडचा काठ धड दिसतही नव्हता. तपासनीस होडीच्या दोन्ही कडा धरून बसले होते, कारण सात दिवसांच्या सरावात त्यांना मुख्यतः ओकाऱ्या झाल्या होत्या. पण बायको पाण्यात उतरली आणि ते सगळं विसरले. ती हात टाकत होती ते असे, की जणू तिला दुसरं काही यायचंच नाही. तपासनीस बघत राहिले. नावाडी म्हणाला, "तुम्ही रडताय का?" ते म्हणाले, "नाही, पाणी उडतंय."

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिचा वेग मंदावला. एकेक करत बाकीच्या बहुतेक होड्या पुढे निघून गेल्या. ती पाण्यावर पाठ टेकून पडली आणि धापा टाकत म्हणाली, "हात उचलत नाहीयेत हो."

नियमाप्रमाणे तिला हात लावायची परवानगी नव्हती. तपासनीस होडीत उभे राहिले, होडी डुचमळली, नावाड्यानं त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं.

"बोला काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. दुकानदारानं सरबत दिलं ते सांगा."

ते सांगायला लागले. सरबत, डॉक्टर, पोस्टमास्तरांचं तेल, मुकादमांचं मानपत्र. ती पालथी झाली, हात टाकायला लागली. एका हातानं पाणी कापायची, तोंड वर काढून हसायची, पुन्हा पाण्यात. नावाडीही हसत होता, त्यामुळे होडी वाकडीतिकडी जात होती. तपासनीस आयुष्यात इतकं सलग आणि इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. कारकुनाच्या सहाव्या खाड्यापर्यंत ते आले तेव्हा तिच्या हाताला काठावरची रेती लागली.

ती शेवटून दुसरी आली. तपासनीसांनी तिला धरायला होडीतून उडी मारली, ती बूट-पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात. दोघं एकमेकांना धरून चिखलातून वर आले. कुणीतरी तिच्या अंगावर टॉवेल टाकला. तिचे दात वाजत होते आणि चेहरा असा फुलला होता की तपासनीसांना लग्नानंतर तो इतका फुललेला आठवत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या अजून अकरा रजा आहेत ना?"

"आहेत."

"मग आणखी दोन दिवस राहू या. उद्या परत जायचं मला, या काठावरून त्या काठावर. शर्यत नको, घाई नको. नुसतं मी पोहते आणि तुम्ही बोला."

तपासनीस ओल्या बुटांतलं पाणी ओतत होते. त्यांनी वळून नावाड्याकडे पाहिलं, तर तो उद्या किती वाजता ते विचारायला आधीच जवळ येऊन उभा राहिला होता.